केप कॉडमधील मोटेलसाठी हंगामी कामगार : एच-२बी व्हिसावर कोल्हापूरहून माणसे आणता येतील का?

सागरवेडी

नमस्कार. मॅसॅच्युसेट्समधील केप कॉड येथे माझे पती आणि मी ३४ खोल्यांचे मोटेल चालवतो. ते मेच्या मध्यावर उघडते आणि ऑक्टोबरमधील कोलंबस डेच्या सुट्टीचा आठवडा उलटला की बंद होते. हिवाळ्यात नळ गोठून फुटू नयेत म्हणून पाइपांतले पाणीसुद्धा काढून ठेवावे लागते, त्यामुळे त्या काळात कोणाला काम देण्याचा प्रश्नच येत नाही. आतापर्यंत हाउसकीपिंगसाठी जे-१ या देवाणघेवाण कार्यक्रमाच्या व्हिसावर येणाऱ्या युरोपातील विद्यार्थ्यांवर आमचा भर होता. परंतु त्यांची सुट्टी जूनमध्ये सुरू होते आणि सप्टेंबर उजाडायच्या आत ते परत निघतात, त्यामुळे हंगामाच्या दोन्ही टोकांना खोल्या भरलेल्या असतात आणि चादरी बदलायला माणूस नसतो. स्थानिक माणसे मिळत नाहीत, कारण हॉटेलात काम करणाऱ्याला परवडेल असे भाड्याचे घर या भागात उन्हाळ्यात मिळणे जवळजवळ अशक्य आहे.

माझ्या पतींचा पुतण्या कोल्हापुरातील एका हॉटेलात हाउसकीपिंगचे काम पाहतो. तो आणि त्याचे तीन सहकारी यायला तयार आहेत. मुंबईतील एका एजंटाने त्यांना सांगितले आहे की शेतीबाह्य हंगामी कामांसाठीचा एच-२बी व्हिसा तो माणशी चार लाख रुपयांत करून देईल, व्हिसा तीन वर्षांचा असेल आणि पुढे ग्रीन कार्डाचेही बघता येईल. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत : आमच्यासारख्या छोट्या मोटेलला हा मार्ग खुला आहे का, भारतातून माणसे आणता येतात का, आणि येत्या उन्हाळ्यासाठी हालचाल केव्हा सुरू करावी लागेल? एच-१बीसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये जे एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले, ते यालाही लागू आहे का, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

कागदी_घोडा

सागरवेडीताई, मी बोस्टन परिसरातील इमिग्रेशन वकिलांच्या कचेरीत अर्ज तयार करण्याचे काम करतो. मी वकील नाही, त्यामुळे पुढील मजकूर सल्ला न समजता माहिती समजावी.

सर्वांत आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर : ते एक लाख डॉलरचे शुल्क एच-१बीपुरते आहे, एच-२बीशी त्याचा संबंध नाही.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही पुतण्यापासून सुरुवात करत आहात आणि बहुतेक मराठी मंडळी नेमकी तिथूनच सुरुवात करतात. कोण येणार हा प्रश्न या व्हिसात अगदी शेवटी येतो. आधी मालकाला हे सिद्ध करावे लागते की त्याची गरज तात्पुरती आहे. काम कायमस्वरूपी प्रकारचे असले तरी चालते. खोल्या झाडणे हे काम बारा महिने जगभर चालतेच. परंतु तुमच्या धंद्याला त्या कामासाठी माणसे ठरावीक मुदतीपुरतीच हवी आहेत, हे कागदावर दिसले पाहिजे. कायद्यात अशा गरजेचे चार प्रकार आहेत : एकदाच उद्भवणारी, हंगामी, ऐन गर्दीच्या काळातील आणि अधूनमधून उद्भवणारी. वर्षभर चालणारे हॉटेल उन्हाळ्यात जादा माणसे मागते तेव्हा ती तिसऱ्या प्रकारात मोडते आणि त्याला आपली कायम माणसे किती, जादा किती, हे वेगळे करून दाखवावे लागते. तुमचे मोटेल हिवाळ्यात पूर्ण बंद असते, म्हणून तुमची गरज सरळ हंगामी ठरते आणि ही तुमच्या बाजूची फार मोठी गोष्ट आहे. पाइप रिकामे केल्याची प्लंबरची बिले आणि गावाकडून मिळालेला हंगामी परवाना जपून ठेवा. त्यासोबत मागील वर्षांचा महिनावार पगारतक्ता लागेल, म्हणजे प्रत्येक महिन्यात हाउसकीपिंगला किती माणसे होती, त्यांचे एकूण तास किती भरले आणि एकूण मजुरी किती दिली. नोव्हेंबर ते एप्रिलच्या रकान्यांत शून्य आणि जुलै-ऑगस्टमध्ये शिखर, असा तक्ता असला की तपासणाऱ्याला फार विचारावे लागत नाही.

क्रम असा असतो. प्रथम अमेरिकी कामगार खात्याकडून त्या भागातील त्या कामाचा ‘प्रिव्हेलिंग वेज’ ठरवून घ्यावा लागतो. तो साधारणपणे त्या भागातील त्या कामाच्या सरासरी मजुरीइतका असतो आणि मॅसॅच्युसेट्सच्या १५ डॉलर किमान वेतनापेक्षा बराच वर जाऊ शकतो. त्यानंतर, कामाच्या पहिल्या दिवसाच्या ९० ते ७५ दिवस आधीच्या खिडकीत, लेबर सर्टिफिकेशनचा (पात्र स्थानिक माणसे मिळत नाहीत या कामगार खात्याच्या दाखल्याचा) अर्ज आणि राज्याच्या रोजगार यंत्रणेकडे, म्हणजे तुमच्याकडे मासहायरकडे, जॉब ऑर्डर (नोकरीच्या अटींची जाहीर नोंद) असे दोन्ही एकाच वेळी द्यावे लागतात. मग स्थानिक माणसांची खरीखुरी भरती करायची असते. मागील हंगामात काम केलेल्या अमेरिकी कामगारांना तुम्हांला स्वतःहून विचारावे लागते आणि काम सुरू होण्याच्या २१ दिवस आधीपर्यंत येणाऱ्या प्रत्येक पात्र अमेरिकी उमेदवाराला ते काम द्यावे लागते. पुतण्यासाठी जागा राखून ठेवायची म्हणून कोणाला नाकारता येत नाही. जॉब ऑर्डरमध्ये अनुभवाच्या किंवा भाषेच्या अवास्तव अटीही घालता येत नाहीत. एका अर्जदाराला ‘मराठी किंवा हिंदी बोलता येणे आवश्यक’ अशी अट घालायची होती, तेव्हा मोटेलातील चादरींना कोणती भाषा समजते, असे आमच्या वकीलबाईंनी त्यांना विचारले होते. सर्टिफिकेशन मिळाल्यावर यूएससीआयएस या इमिग्रेशन यंत्रणेकडे मालकाचा आय-१२९ अर्ज जातो आणि तो मंजूर झाल्यावरच माणूस मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलाखतीला उभा राहतो.

भारताबद्दल. जानेवारी २०२५ पूर्वी या व्हिसासाठी पात्र देशांची यादी असे आणि तिच्यात भारत नव्हता. भारतीय कामगार आणायचा तर त्यात अमेरिकेचे हित कसे आहे, हे वेगळे पटवून द्यावे लागे. १७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमाने ती यादी काढून टाकली, त्यामुळे कागदोपत्री दार उघडे आहे. तरीही मुलाखतीत पुतण्याला हे पटवून द्यावे लागेल की तो हंगाम संपल्यावर परत जाणार आहे, आणि काका-काकू हेच मालक असताना ते पटवणे सोपे नाही.

एजंटाचे म्हणणे तीन ठिकाणी चुकीचे आहे. व्हिसा तुमच्या हंगामापुरता मिळतो. तीन वर्षे ही सलग मुक्कामाची कमाल मर्यादा आहे आणि तीही पुन्हापुन्हा नवे सर्टिफिकेशन घेऊनच गाठता येते. ग्रीन कार्डाचा या व्हिसाशी काहीही संबंध नाही, आणि अकुशल कामगारांच्या प्रवर्गातून स्वतंत्र अर्ज केला तरी भारतीयांची रांग दहा वर्षांहून अधिक लांब आहे. तिसरी चूक चार लाखांची, आणि ती सर्वांत गंभीर आहे. कामगाराकडून भरतीसाठी एक पैसाही घेण्यास या व्हिसात मनाई आहे. पैसे एजंटाने घेतले आणि ते तुम्हांला ठाऊक होते किंवा ठाऊक असायला हवे होते, तर तुमचा अर्ज फेटाळला जातो आणि पुढील काही वर्षे तुमचे अर्ज अडवले जाऊ शकतात. तुम्ही ही रक्कम इथे लिहिली आहे, म्हणजे तुम्हांला ती ठाऊक आहे.

सागरवेडी

इतक्या तपशिलाबद्दल आभार. एजंटाशी बोलणे थांबवायला पुतण्याला सांगितले आहे. त्याने अद्याप पैसे दिलेले नव्हते.

एक शंका उरते. आमच्या ओळखीचे काही हॉटेलवाले सांगतात की अर्जात कामाची तारीख १ एप्रिलच लिहावी, कारण मेची तारीख लिहिली तर व्हिसा संपलेले असतात. आमचे मोटेल १५ मे रोजी उघडते. मग काय करावे?

हिरवळवाला

मी उत्तर व्हर्जिनियात लँडस्केपिंगचा व्यवसाय करतो आणि बऱ्याच वर्षांपासून या व्हिसावर मेक्सिकोतून माणसे आणतो. या व्हिसाचा सर्वांत मोठा ग्राहक आमचाच धंदा आहे, त्यामुळे तुमच्या रांगेतील गर्दीला आम्हीही जबाबदार आहोत, हे आधीच सांगून टाकतो.

१ एप्रिलचे गणित असे आहे. वर्षाला ६६,००० व्हिसांची मर्यादा १९९० च्या कायद्याने ठरलेली आहे. त्यांपैकी ३३,००० ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीसाठी आणि ३३,००० एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीसाठी. दुसऱ्या सहामाहीचा पहिला दिवस १ एप्रिल, त्याच्या ९० दिवस आधीचा दिवस १ जानेवारी. त्यामुळे देशभरातील मालक नववर्षाच्या मध्यरात्री संगणकासमोर बसलेले असतात. १ जानेवारी २०१९ रोजी कामगार खात्याची प्रणाली या गर्दीपुढे कोलमडून पडली होती. तेव्हापासून १ ते ३ जानेवारी या तीन दिवसांत आलेले सर्व अर्ज सोडतीने गटांत विभागले जातात. ‘अ’ गटात ३३,००० जागा भरतील एवढेच अर्ज असतात आणि त्यापुढचे गट नंतर हाती घेतले जातात. माझा अर्ज एका वर्षी ‘अ’ गटात निघाला आणि पुढच्या वर्षी इतका मागे पडला की माणसे यायला जून उजाडला. तोपर्यंत वसंतातील पालापाचोळा उचलण्याची आणि मल्च (झाडांभोवतीचे आच्छादन) टाकण्याची कंत्राटे दुसऱ्यांकडे गेली होती.

म्हणून मोह होतो हे मला मान्य आहे, पण खोटी तारीख लिहू नका. तारीख तुमच्या पगारतक्त्याशी ताडून पाहिली जाते. मागील वर्षांच्या एप्रिलमध्ये शून्य तास दिसत असतील आणि अर्जात १ एप्रिलपासून सहा माणसे मागितली असतील, तर खुलाशाची नोटीस येणारच. माणसे आलीच, तर १ एप्रिलपासून त्यांना काम द्यावे लागते. या व्हिसात आठवड्याला किमान ३५ तासांचे पूर्णवेळ काम हवे आणि प्रत्येक बारा आठवड्यांत कबूल केलेल्या तासांपैकी तीन-चतुर्थांश तासांचे काम द्यावेच लागते, नाहीतर तेवढी मजुरी मोजावी लागते. एप्रिलमध्ये त्यांच्याकडून नळ जोडून घेऊ आणि भिंती रंगवून घेऊ, असे म्हणाल तर तेही चालत नाही, कारण जॉब ऑर्डर हाउसकीपिंगची आहे.

तुमच्यासाठी दुसरा मार्ग आहे आणि केप कॉडवरील पुष्कळ जुनी हॉटेले तोच वापरतात. जो कामगार आधीच अमेरिकेत एच-२बीवर आहे, त्याची मुदत वाढवून तो तुमच्याकडे आला तर तो त्या ३३,००० मध्ये मोजला जात नाही. व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशायरमधील स्की रिसॉर्टांचा हंगाम मार्च-एप्रिलमध्ये संपतो, फ्लोरिडातील क्लब मेपर्यंत रिकामे होऊ लागतात, आणि तेथील जमैकन कामगार उन्हाळ्यासाठी उत्तरेकडे काम शोधतात. तुम्हांला लेबर सर्टिफिकेशन स्वतःचे घ्यावेच लागेल, पण १५ मे ही खरी तारीख लिहून फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या आरंभापर्यंत अर्ज देता येईल. सध्याच्या नियमानुसार अशा कामगाराला तुमचा आय-१२९ दाखल झाल्यावर, मंजुरीची वाट न पाहता कामाला लावता येते. मात्र त्याची आधीची मुदत संपण्यापूर्वी अर्ज जायला हवा आणि त्याच्या एकूण मुक्कामाला तीन वर्षे झालेली नसावीत.

२०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही आर्थिक वर्षांत सरकारने ६४,७१६ जादा व्हिसा दिले, असे कोणीतरी तुम्हांला सांगेल. ते खरे आहे, परंतु त्यांतील ४४,७१६ आधी या व्हिसावर येऊन गेलेल्या कामगारांसाठी होते आणि २०,००० मध्य अमेरिकेसह काही ठरावीक देशांसाठी होते. कोल्हापुरातून प्रथमच येणारा मुलगा दोन्हींत बसत नाही.

खर्चाचे थोडक्यात : लेबर सर्टिफिकेशनला शुल्क नाही. एप्रिल २०२४ च्या दरांप्रमाणे २५ किंवा कमी नोकर असलेल्या मालकाला, नावे दिलेल्या कामगारांसाठी, आय-१२९चे ५४० डॉलर, आश्रय कार्यक्रमाचे ३०० आणि फसवणूक-प्रतिबंधाचे १५० डॉलर पडतात. एका अर्जात अशी २५ नावे घालता येतात, त्यामुळे चार माणसे आणि वीस माणसे यांचा सरकारी खर्च सारखाच. वकिलाची फी मात्र याच्या कितीतरी पट असते. कामगाराचा व्हिसाचा खर्च पहिल्याच आठवड्यात परत करावा लागतो, येण्याचे भाडे निम्मा काळ भरल्यावर आणि जाण्याचे भाडे काम पूर्ण झाल्यावर. विद्यार्थ्यांच्या मजुरीवर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे कर लागत नसत, इथे ते लागतील, हे हिशेबात धरा.

राहण्याची सोय देणे शेतीच्या एच-२एमध्ये बंधनकारक आहे, एच-२बीमध्ये नाही. पण तुमच्या भागात ती दिली नाही तर माणूस येऊन राहणार कुठे? घर घेणार असाल तर आधी गावाच्या आरोग्य मंडळात जाऊन सेप्टिकची नोंद पाहा. मॅसॅच्युसेट्समध्ये सेप्टिकची क्षमता बेडरूमच्या संख्येवर मोजतात, त्यामुळे तीन बेडरूमच्या घरात तळघरात गाद्या टाकून आठ माणसे ठेवण्याचा विचार पुढे महागात पडतो. भाडे कापणार असाल तर ते जॉब ऑर्डरमध्ये आधीच लिहिलेले असले पाहिजे.

वेल्डर_उरण

माझा मोटेलांशी संबंध नाही. मी उरणकडे जहाजदुरुस्तीच्या कामात आयुष्य काढले आहे, आणि वर चार लाख, तीन वर्षे व ग्रीन कार्ड हे तीन शब्दप्रयोग एकाच ओळीत वाचून लिहिल्याशिवाय राहवले नाही.

२००५ च्या कतरिना वादळानंतर मिसिसिपीतील पास्कागोला आणि टेक्सासमधील ऑरेंज येथील गोद्यांसाठी सिग्नल इंटरनॅशनल या कंपनीने सुमारे पाचशे भारतीय वेल्डर आणि पाइपफिटर आणले. व्हिसा हाच, एच-२बी. भरतीची साखळी मुंबईतून चालली होती. ग्रीन कार्ड मिळेल या आश्वासनावर माणसांनी दहा ते वीस हजार डॉलर भरले, त्यासाठी जमिनी आणि दागिने गहाण टाकले. तिथे गेल्यावर त्यांना कुंपणाआडच्या छावणीत, एकेका खोलीवजा ट्रेलरमध्ये चोवीस जणांपर्यंत, ठेवण्यात आले आणि त्याबद्दल महिन्याला १,०५० डॉलर पगारातून कापण्यात आले. मार्च २००८ मध्ये पास्कागोला येथील कामगार काम सोडून बाहेर पडले, वॉशिंग्टनपर्यंत गेले आणि तिथे त्यांनी उपोषण केले. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्युरीने पाच कामगारांना सुमारे १.४ कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली, उरलेल्या खटल्यांत २ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि कंपनीने माफी मागितली. आमच्या ओळखीतली काही पोरे त्या भरतीच्या वेळी मुलाखतीच्या रांगेत उभी राहून आली होती. पैसे जमले नाहीत म्हणून ती राहिली आणि वर्षभर स्वतःला करंटे म्हणवून घेत होती.

ताई, तुमच्या पुतण्याला एवढेच सांगा की कोणत्याही एजंटाचे नाव आधी भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर शोधावे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परदेशी भरती करणाऱ्या प्रत्येकाला नोंदणी लागते, आणि नोंदणीकृत एजंटालाही भारतीय नियमांप्रमाणे कामगाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. अमेरिकेच्या या व्हिसाला तर तेही चालत नाही, हे वर कागदी_घोडा यांनी सांगितलेच आहे.

तिसरी_पाळी

एक वेगळी बाजू मांडतो. मी स्वतः बोस्टनमधील हॉटेलांत खोल्या साफ केल्या आहेत. ‘स्थानिक माणसे मिळत नाहीत’ या वाक्यापुढे ‘या मजुरीत’ असे शब्द नेहमी गाळलेले असतात. एच-२बीवरील माणसाला नोकरी पटली नाही तर तो शेजारच्या हॉटेलात सहज जाऊ शकत नाही, आणि मालकाला हे ठाऊक असते. ज्या कामगाराला उठून जाता येत नाही, त्याच्या शेजारी उभे राहून वाढीव मजुरी मागणे कठीण होते. सागरवेडी तसे वागतील असे मी म्हणत नाही; पण आधी मजुरी वाढवून आणि घर देऊन स्थानिक जाहिरात करून पाहिली आहे का, हे विचारावेसे वाटते.

हिरवळवाला

तिसरी_पाळी यांचा दुसरा मुद्दा मला मान्य आहे. नवा मालक मिळणे नियमात सोपे झाले असले तरी नव्या मालकाकडे सर्टिफिकेशन असावे लागते आणि ऐन हंगामात ते फार थोड्यांकडे असते. पहिला मुद्दा मात्र तितका सरळ नाही. मायकेल क्लेमेन्स आणि इथन लुइस या अर्थशास्त्रज्ञांनी याच सोडतीत जिंकलेल्या आणि हरलेल्या कंपन्यांची तुलना केली, तेव्हा हरलेल्या कंपन्यांचे उत्पादन घटलेले दिसले, पण त्यांनी त्या जागी जास्त अमेरिकी कामगार घेतलेले दिसले नाहीत. माझ्याकडे मल्च टाकायला माणूस नसला की मी मजुरी दुप्पट करत नाही, मी कंत्राट सोडतो. हे कौतुकाने सांगत नाही, पण घडते तसे.

सागरवेडी

तिसरी_पाळी, प्रश्न योग्य आहे. मजुरी वाढवली होती, घर देऊन पाहिलेले नाही. ते या वेळी जाहिरातीत घालू. बाकीच्यांसाठी, व्हरमाँटमधील रिसॉर्टांकडे चौकशी सुरू करते आणि प्रिव्हेलिंग वेजचा अर्ज याच महिन्यात देते. पुतण्याचे हॉटेल मॅनेजमेंटचे शिक्षण झाले आहे. त्याच्यासाठी जे-१ ट्रेनी (प्रशिक्षणार्थी) हा मार्ग आमच्याकडेच वापरता येईल का?

कागदी_घोडा

तुमच्याकडे नाही. त्या कार्यक्रमात अकुशल कामावर माणूस ठेवण्यास मनाई आहे आणि प्रशिक्षणाचा लेखी आराखडा द्यावा लागतो; आदरातिथ्य क्षेत्रात कमाल मुदत बारा महिन्यांची असते आणि सहा महिने किंवा अधिक काळाच्या प्रशिक्षणात किमान तीन विभागांत फिरून शिकवणे आवश्यक असते. एक काउंटर, एक लाँड्री आणि ३४ खोल्या यांतून तसा आराखडा उभा राहत नाही, आणि तो ओढूनताणून उभा केला तरी प्रायोजक संस्था तो परत पाठवील. पुतण्याने पदवी आणि अनुभवाचे दाखले घेऊन वर्षभर चालणाऱ्या मोठ्या हॉटेलात मान्यताप्राप्त प्रायोजकामार्फत स्वतःच अर्ज करावा. त्या अर्जात तुमचा पत्ता केवळ नातेवाईक म्हणून येऊ द्या. प्रिव्हेलिंग वेजच्या अर्जात कामाचे ठिकाण लिहिताना पोस्टाचा पत्ता न देता मोटेल ज्या काउंटीत आहे तो प्रत्यक्ष पत्ता द्या, कारण मजुरीचा भाग त्यावरून ठरतो आणि नंतर दुरुस्ती करायची तर सगळा क्रम पहिल्यापासून धरावा लागतो.